घड्याळाचे मोल

सन २०१६ च्या जानेवारी महिन्यात केंद्र सरकारने एच.एम.टी. वॉचेस ही सरकारी मालकीची कंपनी बंद करण्यास मान्यता दिली. कंपनी मिटणार ही वार्ता त्यापूर्वीच, २०१४ साली, देशभर पसरली होती. आणि ती पसरताच एक विलक्षण गोष्ट घडून आली. जी घड्याळे दुकानांच्या काचेआड धूळ खात पडली होती, त्यांच्यासाठी गिऱ्हाइकांची एकाएकी रीघ लागली. काल ज्यांना कोणी हात लावीत नव्हते ती आज छापील किमतीहून कितीतरी चढ्या दराने हातोहात जाऊ लागली. घड्याळ तेच होते, त्यातले यंत्र तेच होते, आणि पूर्वी दिवसाकाठी जेवढे मागे-पुढे होई तेवढेच ते आताही होत होते. बदलले होते ते एवढेच, की यापुढे ते मिळणार नव्हते.

पुरवठा आटला म्हणजे भाव चढतो, हे अर्थशास्त्रातले पहिले सूत्र सांगून या घटनेची वासलात लावता येईल. परंतु घड्याळाच्या बाबतीत तेवढ्याने समाधान होत नाही. घड्याळाचे काम एकच: वेळ दाखविणे. ते काम आज काही शे रुपयांचे घड्याळ कित्येक लाखांच्या घड्याळापेक्षा अधिक चोख करते. तरीही लाखांची घड्याळे विकली जातात, संग्राहक ती जपून ठेवतात, आणि मध्यम किमतीची दहा घड्याळे समोर मांडली असता कोणते घ्यावे या विवंचनेत सामान्य गिऱ्हाईक तासभर दुकानात उभे राहते. घड्याळाचे मोल नेमके कशाचे मोल असते? या प्रश्नाचे उत्तर एका वाक्यात देता येत नाही, कारण ते काळानुसार बदलत आले आहे. तो बदल समजावून घ्यावयाचा तर सुमारे अडीचशे वर्षे मागे गेले पाहिजे.

अठराव्या शतकात अचूक घड्याळ ही शोभेची वस्तू नव्हती. तो जीवनमरणाचा प्रश्न होता. भर समुद्रात आपण पूर्वेस किंवा पश्चिमेस किती अंतरावर आहोत हे समजण्यास खलाशांजवळ खात्रीचे साधन नव्हते. पृथ्वी ताशी पंधरा अंश फिरते. म्हणून बंदर सोडतानाची वेळ अचूक दाखविणारे घड्याळ जहाजावर असेल, तर तेथील स्थानिक वेळेशी ताडून रेखांश काढता येतो. मात्र घड्याळ केवळ चार सेकंदांनी चुकले, तर विषुववृत्तावर जहाजाचे स्थान एका सागरी मैलाने चुकते. १७०७ साली इंग्लंडच्या सिली बेटांजवळ आरमाराची चार जहाजे खडकांवर आपटून बुडाली. १७१४ साली ब्रिटिश पार्लमेंटने रेखांश काढण्याच्या खात्रीच्या पद्धतीसाठी वीस हजार पौंडांपर्यंतचे पारितोषिक जाहीर केले. जॉन हॅरिसन या मूळच्या सुताराने आयुष्य वेचून जे चौथे घड्याळ सिद्ध केले, ते १७६१ च्या अखेरीस जमैकाच्या प्रवासास निघाले. एक्याऐंशी दिवसांनंतर त्यात सुमारे पाच सेकंदांचा फरक आढळला.

हॅरिसनची कथा पुष्कळांना ठाऊक असते. तिच्या पुढचा भाग मात्र फारसा सांगितला जात नाही, आणि घड्याळाच्या किमतीचा विचार करणाऱ्यास तोच अधिक बोधप्रद आहे. हॅरिसनच्या घड्याळाची तंतोतंत प्रतिकृती करण्याचे काम लार्कम केंडॉल या लंडनच्या कारागिराकडे सोपविण्यात आले. १७६९ साली त्याने ती पूर्ण केली. तिचे मोल पाचशे पौंडांच्या घरात गेले. कॅप्टन कुकने आपल्या दुसऱ्या सफरीत, १७७२ ते १७७५ या काळात, ती बरोबर नेली आणि तिची मुक्तकंठाने वाखाणणी केली. पण पाचशे पौंडांचे घड्याळ प्रत्येक जहाजावर ठेवणे आरमारालाही परवडणारे नव्हते. तेव्हा केंडॉलने दोनशे पौंडांत दुसरे घड्याळ करून दिले, आणि त्यानंतर शंभर पौंडांत तिसरे. एकच कारागीर, एकच काम आणि तीन किमती! ही काटकसर त्याने साधली ती मूळ यंत्रातील काही नाजूक भाग गाळून. त्यांत मुख्य कमानीचा जोर सदैव सारखा ठेवणारी योजनाही होती. परिणाम अपेक्षेप्रमाणेच झाला. दुसरे घड्याळ पहिल्याची बरोबरी करू शकले नाही, आणि तिसऱ्यानेही निराशाच केली. या काळात किंमत आणि अचूकता यांची गाठ पक्की होती. जो अधिक पैसे मोजी त्याला अधिक खरी वेळ मिळे.

एकोणिसाव्या शतकाने प्रश्न उलट बाजूने विचारला. खलाशाला सेकंद हवा होता. कारखान्याच्या भोंग्यावर हजर राहणाऱ्या मजुराला मिनिटे पुरेशी होती. मग त्याने सेकंदाचे पैसे का मोजावे? स्वित्झर्लंडमधील ला शो-द-फों या घड्याळजींच्या गावी स्थायिक झालेल्या जॉर्ज फ्रेडरिक रॉस्कॉफने १८६७ साली केवळ वीस फ्रँकांचे खिशातील घड्याळ बाजारात आणले आणि त्याला नावही श्रमिकाचे दिले. त्याने यंत्राचे भाग सत्तावन्नवर आणले. चक्राचा एकेक दाता अडवून सोडणाऱ्या छोट्या तरफेवर चांगल्या घड्याळात माणके बसविलेली असत. त्यांच्या जागी त्याने पोलादी टाचण्या बसविल्या. माणिक झिजत नाही, टाचणी झिजते. तेव्हा हे घड्याळ पिढ्यान् पिढ्या टिकणारे नव्हते. परंतु ज्याच्या खिशात त्यापूर्वी घड्याळच नव्हते त्याच्या खिशात ते आले. गावातील प्रतिष्ठित कारागिरांनी प्रारंभी रॉस्कॉफला साथ दिली नाही; पण पॅरिसच्या प्रदर्शनात त्याच्या घड्याळाला पदक मिळाले आणि पुढे त्याच पद्धतीची कोट्यवधी घड्याळे जगभर खपली.

अमेरिकेने हाच प्रश्न यंत्राच्या साहाय्याने सोडविला. वॉल्थम येथील कारखान्यात घड्याळाचे भाग हाताने घासून जुळविण्याऐवजी यंत्रावर एकसारखे कातले जात. १८७६ साली फिलाडेल्फियाच्या प्रदर्शनात हे दृश्य पाहून स्वित्झर्लंडचे प्रतिनिधी झाक डेव्हिड हादरून गेले. त्यांनी मायदेशी पाठविलेल्या अहवालाने तेथील कारखानदारांना यंत्रयुगाची वाट धरण्यास भाग पाडले. १८९६ साली इंगरसोल या अमेरिकन व्यापाऱ्यांनी एका डॉलरचे घड्याळ काढले. ते सर्वसामान्य मजुराच्या सुमारे एका दिवसाच्या कमाईत येई. अशा रीतीने शतक संपता संपता बाजारात किमतीची एक सबंध शिडी उभी राहिली. आणि ती बहुतांशी प्रामाणिक होती. वरच्या पायरीवरच्या घड्याळात माणके अधिक, घडण बारीक, जुळणी काटेकोर; खालच्या पायरीवर टाचण्या आणि पत्रा. घड्याळ उघडले की किमतीचे कारण डोळ्यांना दिसे.

या शिडीत नावाचे मोल शिरले ते मनगटी घड्याळाबरोबर. १८१० साली ब्रेगे या पॅरिसच्या विख्यात घड्याळजीकडे नेपल्सच्या राणीने मनगटी घड्याळाची मागणी नोंदविली होती. परंतु पुढे शंभर वर्षे मनगटावरचे घड्याळ हा स्त्रियांचा अलंकारच मानला जाई. पुरुषाचे घड्याळ खिशात, साखळीला अडकविलेले असावयाचे. हा समज पहिल्या महायुद्धाच्या खंदकांत मोडला. एका हातात शस्त्र असलेल्या सैनिकाला खिशातून घड्याळ काढण्यास सवड नव्हती, आणि तोफा कधी थांबणार व चढाई कधी सुरू होणार हे मिनिटावर ठरलेले असे. युद्ध संपले तेव्हा मनगटी घड्याळ पुरुषार्थाला उणेपणा आणणारे राहिले नव्हते.

हान्स विल्सडॉर्फ या व्यापाऱ्याने ही संधी आधीच हेरलेली होती. १९०५ साली त्याने लंडनमध्ये पेढी काढली आणि १९०८ साली ‘रोलेक्स’ हे नाव नोंदविले. १९१४ साली त्याच्या एका छोट्या मनगटी घड्याळाला इंग्लंडमधील क्यू येथील परीक्षणात ‘अ’ वर्गाचे प्रमाणपत्र मिळाले. १९२६ साली त्याने पाणी आत शिरू न देणारे आवरण काढले. आणि १९२७ च्या ऑक्टोबरात मर्सिडीझ ग्लाइट्झ या तरुणीने इंग्लिश खाडीत पुन्हा उडी घेतली तेव्हा तिच्याजवळ ते घड्याळ होते. थंडीमुळे तिला तो प्रयत्न अर्धवट सोडावा लागला. घड्याळ मात्र चालू राहिले. विल्सडॉर्फने लागलीच लंडनच्या ‘डेली मेल’चे पहिले पान विकत घेऊन त्यावर ही हकीकत छापली. त्या पानाचे पैसेही अर्थातच पुढे घड्याळांच्या किमतीतूनच वसूल व्हावयाचे होते.

याच विल्सडॉर्फने ‘ट्यूडर’ हे दुसरे नाव उभे केले आणि १९४६ साली त्याची स्वतंत्र कंपनी काढली. आवरण, किल्ली आणि पट्टा रोलेक्सच्याच जातीचे. आतले यंत्र मात्र बाहेरच्या कारखान्याकडून घेतलेले, आणि किंमत उतरती. त्याच्या या हिशेबात एक व्यापारी सत्य होते. गिऱ्हाईक केवळ यंत्र घेत नाही, ते नाव घेते. आणि महागड्या नावाला धक्का न लावता स्वस्त माल विकावयाचा तर त्याला दुसरे नाव दिले पाहिजे. आजही एकाच उद्योगसमूहाच्या छत्राखाली पाच-दहा नावे वेगवेगळ्या किमतींना विकली जाताना दिसतात. त्या प्रथेचे हे एक आरंभीचे रूप होय.

आपल्या देशात परदेशी घड्याळांची पेठ याआधीच बसली होती. स्वित्झर्लंडच्या फाव्र-ल्यूबा या घराण्याचा मुंबईशी व्यापार १८६५ पासून सुरू झाला. १८८६ साली मुंबईतच वेस्ट एंड वॉच कंपनीचा प्रारंभ झाला. हिंदी फौजेतील स्वाराच्या नावावरून ‘सोवार’ हे नाव धारण केलेली तिची घड्याळे पलटणींतून आणि आगगाड्यांतून सर्वत्र गेली. स्वातंत्र्योत्तर काळात परकीय चलन जपून वापरणे भाग पडले. आयातीवर निर्बंध आले, आणि त्याबरोबरच चोरट्या मार्गाने येणाऱ्या घड्याळांचाही सुळसुळाट झाला. हव्या त्या किमतीला हवे ते घड्याळ उघड बाजारात घेता येणे दुरापास्त झाले. अशा परिस्थितीत १९५३ साली यंत्रे बनविण्यासाठी बंगळूर येथे स्थापन झालेल्या हिंदुस्थान मशीन टूल्स या सरकारी कारखान्याने जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने घड्याळे बनविण्याचे ठरविले. १९६१ साली पंडित जवाहरलाल नेहरू यांच्या हस्ते पहिली घड्याळे बाहेर पडली.

त्यानंतरची सुमारे पंचवीस वर्षे एच.एम.टी. म्हणजेच भारतीय मनगटी घड्याळ, असे समीकरण होऊन बसले. ‘जनता’ हे तिचे सर्वांत लोकप्रिय घड्याळ. सतरा माणकांचे, रोज हाताने किल्ली द्यावयाचे, पांढऱ्या तबकडीचे. ‘पायलट’ काळ्या तबकडीचे, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचे. ‘कांचन’ला रोज किल्ली द्यावी लागत नसे, मनगटाच्या हालचालीनेच त्याची कमान आवळली जाई, आणि लग्नात जावयाला ते देणे मानाचे समजले जाई. काही तबकड्यांवर आकडे देवनागरी लिपीत असत. अंधांना बोटांनी वेळ वाचता यावी म्हणून ब्रेल घड्याळेही कारखान्याने काढली. बंगळूरखेरीज तुमकूर, नैनितालजवळचे राणीबाग आणि श्रीनगर येथेही तिचे कारखाने उभे राहिले. शाळेत पहिला आलेला मुलगा, नोकरीला लागलेली मुलगी, निवृत्त होणारा कारकून, यांच्या आयुष्यातला तो तो दिवस या घड्याळांनी अंकित झाला.

येथे एक बारकावा लक्षात घेण्याजोगा आहे. ‘जनता’ आणि ‘पायलट’ यांची तबकडी निराळी, रूप निराळे, चाहते निराळे. परंतु दोहोंच्या पोटात एकाच जातीचे यंत्र बसविलेले असे. ते दर सेकंदाला पाच ठोके देई, म्हणजे दिवसाला चार लक्ष बत्तीस हजार. चांगले जुळविलेले असे यंत्र दिवसाकाठी वीस सेकंदांनी चुकले, तरी ती चूक चार हजार भागांत एका भागाहूनही कमीच भरते. सामान्य माणसाच्या ऐपतीतील किमतीला मिळणारी ही अचूकता क्षुल्लक म्हणता येणार नाही.

परंतु या सगळ्या हिशेबाखालची जमीन तोवर सरकू लागली होती. २५ डिसेंबर १९६९ रोजी जपानच्या सेको कंपनीने टोकियोमध्ये ‘ॲस्ट्रॉन’ हे जगातील पहिले क्वार्ट्झ मनगटी घड्याळ विक्रीस ठेवले. क्वार्ट्झ म्हणजे गारगोटीच्या जातीचा स्फटिक. त्याला विजेचा किंचित प्रवाह दिला की तो अत्यंत नियमित गतीने कंप पावतो. आजच्या साध्या घड्याळातील स्फटिक सेकंदाला ३२,७६८ वेळा थरथरतो. पाच ठोक्यांची आणि बत्तीस हजार कंपनांची स्पर्धा होऊच शकत नव्हती. ॲस्ट्रॉनची चूक महिन्याला पाच सेकंदांपलीकडे जात नसे. त्याची किंमत मात्र साडेचार लक्ष येन, एका लहान मोटारगाडीएवढी होती. म्हणजे किंमत आणि अचूकता यांची गाठ त्या दिवशी तरी सुटली नव्हती. ती सुटली पुढील काही वर्षांत. माणके बसविणारा, कमान जुळविणारा निष्णात हात या घड्याळाला लागत नव्हता, आणि जे यंत्रच यंत्राला घडविते ते स्वस्त होण्यास वेळ लागत नाही. दशक उलटण्यापूर्वीच अचूक वेळ ही जगातील अत्यंत स्वस्त वस्तूंपैकी एक होऊन गेली.

स्विस कारखानदार यात बेसावध पकडले गेले असे समजणे बरोबर नाही. त्यांच्या नशातेल येथील संशोधनकेंद्राने १९६७ सालीच स्फटिकाच्या घड्याळाचे नमुने सिद्ध केले होते. परंतु तेथे शेकडो लहान कारखाने आणि घराघरांत वाटलेले कारागीर होते. नव्या विद्येला त्यांपैकी थोड्यांचीच गरज होती. शिवाय १९७० नंतर स्विस फ्रँक महाग होत गेला आणि निर्यात अधिकच अवघड झाली. १९७० साली या धंद्यात सुमारे नव्वद हजार माणसे होती. पुढील पंधरा वर्षांत ती तेहतीस-पस्तीस हजारांच्या आसपास उरली. ज्यांच्या बोटांत तीन-चार पिढ्यांचे कसब होते अशा माणसांच्या गावांतून टाळेबंद कारखान्यांच्या ओळी उभ्या राहिल्या.

त्या संकटातून दोन वाटा निघाल्या. पहिली वाट स्वस्ताईची. १ मार्च १९८३ रोजी झुरिक येथे ‘स्वॉच’ हे प्लॅस्टिकचे रंगीबेरंगी घड्याळ लोकांसमोर आले. त्यात अवघे एक्कावन्न भाग होते, आणि आवरणाचा तळ हाच यंत्राचा पाया होता. किंमत पन्नास फ्रँकांच्या आत. रॉस्कॉफची युक्ती शंभराहून अधिक वर्षांनी नव्या रूपाने परत आली. डबघाईस आलेल्या दोन मोठ्या स्विस समूहांचे त्याच वर्षी एकत्रीकरण झाले आणि निकोलस हायेक यांच्या मार्गदर्शनाखाली किमतीची शिडी नव्याने बांधली गेली: तळाशी स्वॉच, मध्ये टिसो, त्यावर लाँजिन, त्याहीवर ओमेगा. एकाच घराच्या या चार पायऱ्या.

दुसरी वाट उलट्या दिशेची, आणि वरकरणी वेडेपणाची. काही जुन्या कंपन्यांनी निश्चय केला की यंत्राचेच घड्याळ करावयाचे, हातानेच करावयाचे, आणि ते कमी अचूक असूनही अधिक महाग विकावयाचे. हे साधले. यांत्रिक घड्याळाला उत्तम दर्जाचे प्रमाणपत्र देणारी स्विस संस्था आजही दिवसाला चार सेकंद मागे ते सहा सेकंद पुढे एवढी चूक क्षम्य मानते. साधे क्वार्ट्झ घड्याळ महिनाभरातही पंधरा-वीस सेकंदांहून अधिक सहसा चुकत नाही. तरीही प्रमाणपत्राचे यांत्रिक घड्याळ शंभरपट किमतीला जाते. ही किंमत वेळेची नव्हे. ती मोजली जाते कारागिराच्या श्रमासाठी, नावाच्या प्रतिष्ठेसाठी आणि वस्तूच्या दुर्मिळतेसाठी.

भारतात या उलथापालथीची झळ काहीशी उशिरा पोहोचली. १९८४ साली टाटा समूह आणि तामिळनाडूचे औद्योगिक विकास महामंडळ यांच्या भागीदारीतून टायटन कंपनी स्थापन झाली. झर्क्सिस देसाई यांच्या नेतृत्वाखाली तिने होसूर येथे कारखाना उभारला आणि १९८७ पासून क्वार्ट्झ घड्याळे बाजारात आणली. एच.एम.टी.नेही तशी घड्याळे काढली होती. पण तिचे सामर्थ्य, तिचे कामगार आणि तिची यंत्रे किल्लीच्या घड्याळाभोवतीच गुंफलेली होती. टायटनने घड्याळ दाखविण्यासाठी झगझगीत दालने काढली, शेकडो रूपे काढली, आणि पुढे कमी किमतीसाठी ‘सोनाटा’ हे निराळे नावही काढले. १९९१ नंतर बाजार खुला झाला. बंगळूरचे जुने घड्याळ ‘सरकारी’ वाटू लागले, त्याचा तोटा वर्षामागून वर्ष वाढत गेला, आणि शेवटी २०१६ चा निर्णय आला. जी गावे स्वित्झर्लंडमध्ये उजाड झाली त्यांच्याच रांगेत राणीबागचा कारखाना जाऊन बसला. श्रीनगरच्या ज्या भागात कारखाना होता त्याला लोक मात्र अजूनही ‘एच.एम.टी.’ म्हणूनच ओळखतात.

याच नामशेष वस्तूंमागे संग्राहक लागतो. त्याच्या छंदाला हसणे सोपे आहे. परंतु तो जे जमवितो ते घड्याळ नसते. ती त्या घड्याळाची हकीकत असते. २६ ऑक्टोबर २०१७ रोजी न्यूयॉर्कमध्ये नट पॉल न्यूमन यांचे रोलेक्स ‘डेटोना’ हे मनगटी घड्याळ एक कोटी सत्याहत्तर लक्ष डॉलरांहून अधिक किमतीला गेले. १९६० च्या दशकात ते काहीशे डॉलरांचे होते, आणि त्या जातीची तबकडी तेव्हा फारशी कोणाला आवडतही नसे. त्याच्या पाठीवर न्यूमन यांच्या पत्नीने, मोटार जपून चालवा, अशा अर्थाचे तीन शब्द कोरून घेतले होते. पोलाद, काच आणि यंत्र यांचा हिशेब त्या रकमेत अगदीच नगण्य ठरतो.

जेथे हकीकतीला मोल येते तेथे खोटी हकीकतही विकावयास येते. जगभरचे संग्राहक एका प्रकारच्या जुन्या घड्याळाला थट्टेने ‘मुंबई स्पेशल’ म्हणतात: यंत्र अस्सल जुने, तबकडी मात्र नव्याने रंगविलेली, काटे तिसऱ्याच घड्याळाचे, आणि भडक रंगात एखादे प्रतिष्ठित नाव. खरेदी करणाऱ्याची यात फसगत होते हे निर्विवाद. तथापि या प्रकाराचे मूळ लबाडीतच शोधणे अन्यायाचे होईल. आपल्या शहरांतल्या घड्याळजीने पिढ्यान् पिढ्या हेच केले: डागाळलेली तबकडी रंगवून दिली, मोडका काटा जवळच्या डबीतून शोधून बसविला, बंद पडलेल्या दोन घड्याळांतून एक चालते केले. ज्या गिऱ्हाइकाला घड्याळ वापरावयाचे होते त्याच्यावर ते उपकारच होते. तेच काम, घड्याळ जपून ठेवू इच्छिणाऱ्याला ‘अस्सल’ म्हणून विकले की फसवणूक होते. वस्तू एकच, ती कशासाठी घेतली जाते यावरून तिचे मोल आणि तिचा खरेखोटेपणा दोन्ही पालटतात.

घड्याळ घेणाऱ्याला या इतिहासातून निर्णयाचा आधार मिळतो तो येथेच. त्याला केवळ बिनचूक वेळ हवी असेल, तर बाजारातील सर्वांत स्वस्त क्वार्ट्झ घड्याळांपैकी एक त्याला पुरे आहे. कॅसिओ कंपनीचे १९८९ साली निघालेले छोटे आकडी घड्याळ त्याची साक्ष देते. त्याहून वर मोजलेला प्रत्येक रुपया वेळेसाठी नसून दुसऱ्या कशासाठी तरी आहे हे ओळखून मोजावा. घडणीसाठी मोजावयाचा असेल तर तबकडीवरच्या नावाआधी आतले यंत्र कोणते याची चौकशी करावी. कारण निरनिराळ्या नावांच्या आणि निरनिराळ्या किमतींच्या कित्येक घड्याळांत एकाच कारखान्याचे यंत्र असते. ‘स्विस मेड’ ही अक्षरेही समजून वाचावीत. २०१७ पासून अमलात असलेल्या नियमाप्रमाणे उत्पादनखर्चाचा किमान साठ टक्के भाग स्वित्झर्लंडमध्ये झालेला असेल तरच ती लावता येतात. प्रतिष्ठेसाठी मोजावयाचा असेल तर तसे मान्य करून मोजावा. त्यात कमीपणा काही नाही, फक्त त्याला अचूकतेचे नाव देऊ नये. आणि जुने यांत्रिक घड्याळ घ्यावयाचे तर त्यातले तेल वाळते, काही वर्षांनी ते उघडून साफ करावे लागते, आणि ते उघडू शकणारा माणूस जवळपास असावा लागतो, हा खर्चही किमतीतच धरावा.

या शेवटच्या गोष्टीकडे सर्वांत कमी लक्ष जाते. बंगळूरच्या जालहळ्ळी भागात २०१९ साली एच.एम.टी.चे संग्रहालय उघडले. तेथे जुनी घड्याळे काचेआड सुरक्षित आहेत. परंतु घरोघरीच्या कपाटांत वडिलांचे किंवा आजोबांचे जे ‘जनता’ बंद पडून आहे, ते चालू करण्यास संग्रहालय उपयोगी पडत नाही. त्याला पेठेच्या कोपऱ्यावर, डोळ्याला भिंग लावून बसणारा घड्याळजीच लागतो. क्वार्ट्झ घड्याळाने त्याला सेल बदलण्यापुरता ठेवला, आणि त्याची मुले दुसऱ्या उद्योगाला लागली. त्या घड्याळाची बाजारातली किंमत चढेल वा उतरेल; ते चालते करावयाचे असेल तर मात्र घड्याळजीच्या टेबलावर ते आज नेऊन ठेवणे बरे.